डाव्या चाकाचा लॉक नट

३ मार्च, मंगळवार

आज आमच्याच फाटकासमोर फुटपाथने माझ्या गाडीवर हल्ला केला. इतकी वर्षं तो मुकाट्याने आपल्या जागी पडून होता. आज मी वळत असताना मध्ये आला. डावा पुढचा टायर कडेला असा फाटला की आत बोट जावं.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला बोलावलं. तो वाकून बघत म्हणाला, "आजी, कडेला घासलंय. किती वेळा घासलंय हो!" मी त्याला सांगितलं की मी त्याची आजी नाही, आणि घासायला नेहमी दोघं लागतात. त्याने माझ्याकडे पाहिलं, डाव्या दारावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं, त्या बाजूचा आरसा जिथे असायला हवा तिथे पाहिलं. तो आरसा गेल्या महिन्यात कुणीतरी तोडला. कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी तेव्हा गाडीतच होते.

स्टेपनी हवेने गच्च आहे. जॅक आहे, पाना आहे. चाक मात्र निघत नाही, कारण प्रत्येक चाकाच्या नटांपैकी एक 'लॉक नट' आहे. तो गुळगुळीत, गोल, त्याच्या तोंडावर वेड्यावाकड्या वळणांची एक खाच. त्या खाचेत बरोबर बसणारी पोलादाची छोटी टोपी असते, तिला चावी म्हणायचं. ती टोपी लावल्याशिवाय जगातला कुठलाही पाना तिथे टिकत नाही. हे नट ह्यांनी बसवले होते, कारण पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी गाडीची चाकं चोरीला गेली होती. ह्यांचा जगावर विश्वासच नव्हता. घरात साखरेच्या डब्यालाही कडी होती. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचा अविश्वास चारही चाकांवर घट्ट बसलेला आहे.

चावी गाडीच्या कप्प्यात असते. नेहमीच असते. आज नव्हती.

सत्तावीस वर्षं मी कोर्टात लघुलेखिका होते. लोक शपथ घेऊन खोटं बोलायचे आणि मी ते शब्दशः टंकून द्यायचे. त्यामुळे कोण खरं बोलतंय आणि कोण नाही, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. घरात या गुणाची कुणाला किंमत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५ मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे ताईचा दिवस. माझी थोरली बहीण शहराच्या पार टोकाला वृद्धाश्रमात राहते. ती त्याला वसतिगृह म्हणते आणि तिथल्या व्यवस्थापिकेला रेक्टर. गाडीने जायला किती सोपं! आज दोन बसा बदलल्या. पहिली तर डावीकडून चोरासारखी आली आणि निघूनही गेली. रांगेतल्या बाईने माझा दंड धरला नसता तर मी तिच्याच खाली असते. हल्ली बसवाले हॉर्न म्हणून वाजवत नाहीत.

पोचेपर्यंत भेटीची वेळ संपत आली होती. ताई शेजारणीच्या रेडिओवर संतापलेली होती. मी आल्याबद्दल ती काही बोलली नाही, पण निघताना माझा हात सोडेना. म्हणाली, "पुढच्या गुरुवारी लवकर ये." मी म्हटलं, येईन. आता आले नाही तर त्या बाईला रेडिओ आणि रेक्टर याशिवाय दुसरं आहे कोण?

संध्याकाळी चिरंजीवांनी चावी शोधायला मदत केली. गादीखाली पाहिलं, बुटांच्या कपाटात पाहिलं, फ्रिजमध्येही डोकावले. गाडीत मात्र पाहिलं नाही. मी म्हटलं, "अरे, निदान सीटखाली तरी बघ." तर म्हणतो, "तिथे नाहीये, आई."

"न बघता कसं सांगतोस?"

"नसेल म्हणजे." मग बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. घरात, अनवाणी होता तरी.

शेवटी म्हणाला, "जाऊ दे ना आई. गाडी आता जुनी झाली. राहू दे तिला उभी."

जुनं झालं की उभं करून ठेवायचं, हे त्याचं तत्त्वज्ञान मी लक्षात ठेवलं आहे. विमा कंपनीत अपघाताचे दावे बघतो तो. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो पाहून पाहून त्याला उभी गाडीच सुंदर वाटू लागली असावी. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय म्हणून परत आठवण करून दिली. ही तिसरी वेळ. मी सुईत दोरा ओवून दाखवला.

९ मार्च, सोमवार

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या शोरूमला गेले. टाय लावलेला एक गृहस्थ काचेच्या टेबलामागे बसला होता. इतका गुळगुळीत, की त्यालाही चावीशिवाय हात लावता येऊ नये.

"मॅडम, त्या नटासोबत एक कोड येतो. तो कोड द्या, आम्ही दुसरी चावी मागवू."

"कोड माझ्या मिस्टरांनी जपून ठेवलाय."

"मग झालं की! त्यांना विचारा."

"ते वारलेत."

टायने अत्यंत दुःखी चेहरा केला आणि दुसऱ्याच श्वासात मला नवीन गाडीच्या दालनात नेलं. ती गाडी म्हणे स्वतःच ब्रेक मारते, स्वतःच उभी राहते, आणि डावीकडून कुणी आलं तर पिं पिं करते. मी म्हटलं, "एवढं सगळं तीच करणार, तर मी आत बसून काय करू, तिला गोष्टी सांगू?" तो हसला नाही. काचेचं दार उघडून धरलं. काचेच्या डाव्या अर्ध्या भागावर माझा खांदा आपटला. इतकी स्वच्छ काच ठेवणं हा शुद्ध गुन्हा आहे.

११ मार्च, बुधवार

आज 'उस्ताद' आले. टायरवाल्याचा मेव्हणा, स्वतःच्या तोंडाने स्वतःला उस्ताद म्हणवून घेतो. "असले शेकडो नट काढलेत," म्हणत त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

युक्ती अशी: पान्याच्या पुढे लागते ती पोकळ गोटी घ्यायची, नटापेक्षा जरा लहान. ती हातोड्याने ठोकून नटावर घट्ट बसवायची आणि मग फिरवायची. ठोकली. फिरवली. फिरली! उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी टाळ्या वाजवाव्यात. फिरवत राहिले, फिरवत राहिले, कपाळावरून घाम गळू लागला, आणि नट आपला जिथल्या तिथे. मग ध्यानात आलं, की नटाच्या भोवती एक मोकळी कडी आहे. चोराने गोटी ठोकली तर ती कडीच गोल गोल फिरावी, आत नटाला कळूही नये, अशी तिची रचना. बनवणाराही ह्यांच्याच स्वभावाचा असणार.

मग उस्तादांनी छिन्नी काढली. छिन्नीने चाकाचा एक कपचा उडाला, उस्तादांच्या अंगठ्याची साल निघाली आणि आमच्या फाटकावरून शेजारणीचं मांजर पळालं. नट शाबूत.

"आता वेल्डिंग करावं लागेल," उस्ताद अंगठा चोखत म्हणाले.

"टायर पेटणार नाही ना?"

"पेटला तर पेटला. तसाही फाटलेलाच आहे."

या युक्तिवादात खोट काढता येईना, म्हणून मी त्यांना चहा दिला आणि घरी पाठवलं. चहा टेबलावर ठेवताना एक कप खाली पडला. टेबलाची डावी बाजू मुळातच आखूड आहे.

चिरंजीव घरी आल्यावर पहिला प्रश्न: "निघाला नाही ना?" निराश नव्हता वाटत. उलट जेवताना दोन वेळा भाजी घेतली.

आणि हो, सूनबाईंना हल्ली माझं ताट फिरवायची खोड लागली आहे. मी जेवून हात धुवायला उठणार, तर ती येते, ताट अर्धं फिरवते, आणि बघते तर काय, अजून भाजी! कधी वाढते कळतच नाही. मी तिला हातचलाखीचे प्रयोग लावायला सुचवलं आहे.

१२ मार्च, गुरुवार

बस चुकली. ताईला फोन केला. "बरं," एवढंच म्हणाली. ताई 'बरं' म्हणते तेव्हा काही बरं नसतं.

१४ मार्च, शनिवार

आज घरात चमत्कार घडला. सूनबाई माझ्याशी आपणहून बोलायला आली.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, टोप्या, असलं सगळं बनवते. सात वर्षं झाली तिला या घरात येऊन. आमचं भांडण कधीच झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं.

सकाळी अंगणात आली, गाडीपाशी उकिडवी बसली, नटाच्या खाचेत बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, याचं माप घेऊन बघायचं का?"

"कसलं माप?"

"दातांचं घेतो तसं."

आणि खरोखरच तिने गुलाबी पीठ कालवून त्या खाचेत भरलं. मी "आ कर" म्हटलं. तर ती हसली! सात वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, हसताना नाकावर आठी पडते तिच्या. ठसा इतका छान उमटला की एखाद्याच्या तोंडाचाही उमटू नये. त्यावरून लॅबमध्ये कवळीच्या पदार्थाची एक कडक चावी बनवून आणली. दुपारी बसवली. तंतोतंत बसली! पाना लावला, मी म्हटलं, "एक, दोन—" आणि कट्ट. चावीचे तुकडे. एक तुकडा खाचेतच रुतून राहिला.

"चावायला ठीक होती," सूनबाई म्हणाली, "फिरवायला नाही."

दोघी तिथेच फरशीवर बसून हसलो. मग ती दात कोरायची आकडी घेऊन तो तुकडा काढत बसली आणि मी सहज विचारलं, लॅबची व्हॅन रोज गल्लीत उभी असते, तिचा ड्रायव्हर जरा कधी ताईकडे सोडेल का मला.

"ड्रायव्हर नाहीये, आई. व्हॅन मीच चालवते. सगळ्या दवाखान्यांत मीच पोचवते माल."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत." हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

मग म्हणाली, "आपण काढू तो नट. मी टायरवाल्याकडून जुनी गोटी आणि लांब दांड्याचा पाना मागून आणते. पण एक अट आहे. पहिल्या दिवशी गाडी काढाल तेव्हा मी शेजारी बसणार."

"का? व्हॅन चालवून कंटाळलीस?"

"समजा तसं."

मी मान्य केलं. अट घालणारी माणसं मला आवडतात. सरळ असतात.

झोपायला जाताना भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू आलं. मी मुद्दाम ऐकत नव्हते. कानांना सत्तावीस वर्षांची सवय.

ती: "सांगून टाक त्यांना."

तो: "माझं तोंड बघणार नाही ती."

ती: "आणि कुणाला लागलं तर? तेव्हा बघतील? लपवून काय होणार आहे? त्या काढणारच."

पुढचं कळलं नाही. ऑफिसातली बढती हुकलेली दिसते बिचाऱ्याची, आणि मला सांगायला लाजतोय. "कुणाला लागलं तर" म्हणजे मनाला लागण्याबद्दल असावं. मी काही दुखावून घेणार नाही. त्याला बढती मिळेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

१५ मार्च, रविवार

निघाला!!!

नीट लिहायला हवं.

गाडी जमिनीवरच ठेवायची, जॅक लावायचा नाही, नाहीतर चाकच फिरतं. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना विटा लावल्या. बाकीचे नट आधी जरा आणखी आवळून घेतले, म्हणजे लॉक नटावरचा ताण कमी होतो. हे टायरवाल्याने सांगितलं, पाना देताना, फुकट, माझ्याकडे न बघता.

सूनबाईने आधी छिन्नीने ती फिरणारी कडी फोडून काढली. "आधी हिरडी, मग दात," म्हणाली. आत खरा नट दिसला, उघडावाघडा, लहानसा. एवढ्याशासाठी एवढा तोरा! त्याच्यावर गोटी टेकवली. ठोकायचं काम मी मागून घेतलं. पहिला घाव चाकावर. दुसरा हवेत. तिसऱ्याच्या आधी सूनबाईने मला खांद्याला धरून उचललं आणि दुसऱ्या बाजूला नेऊन बसवलं, असं की नट माझ्या उजव्या हाताशी आला. तिथून म्हणे जोर नीट लागतो. खरंच लागला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन कुंपणाशी आले, समोरची बाई दात घासत गच्चीत आली. मी थांबले नाही. त्या प्रत्येक घावात थोडा उस्ताद होता, थोडा तो टायवाला, आणि, खोटं कशाला बोलू, थोडे हेही होते.

गोटी नटात रुतून बसली. पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली, म्हणजे दांडा आणखी लांब झाला. सूनबाईने नळीला हात घातला, मी तिच्या हातांवर हात ठेवले. दोघींनी भार टाकला. काही नाही. परत. काही नाही. "आई, श्वास सोडा," ती म्हणाली. तेवढ्यात 'कडाड्!' असा आवाज झाला. मला वाटलं माझं मनगट गेलं. गेलं नव्हतं. नट फिरला होता.

माझ्या किंकाळीने चिरंजीव बाहेर आले.

"काय झालं?"

"निघाला!"

तो पांढराफटक पडला. पायरीवर मटकन बसला. मग बायकोकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. पोराला एवढा आनंद झालेला मी दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

"बाकीचे तीन पण निघतील?" त्याने विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"सगळे निघतील," मी म्हटलं. "आता युक्ती कळलीय."

१७ मार्च, मंगळवार

उरलेले तिन्ही निघाले. एकाने संध्याकाळ खाल्ली, दोन सहज. नवा टायर चढला, आणि चारही चाकांना साधे नट, कुठल्याही पान्याने निघणारे, सगळ्यांवर विश्वास ठेवणारे. टायरवाला म्हणाला, "झकास काम केलंत, काकू." आजीवरून काकूवर आलेय. प्रगती आहे.

परवा गुरुवार. ताईला फोन केला. "गाडीने येतेय," म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती. रडली असेल.

१९ मार्च, गुरुवार

तो तिथे नव्हता. मी शपथेवर सांगते, तो तिथे नव्हता.

सूनबाई अटीप्रमाणे शेजारी बसली होती. मी अगदी हळू चालवत होते. चौकातून डावीकडे वळायचं होतं. मी पाहिलं. डावीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. वळवली. सूनबाई ओरडली, "आई!" आणि तिने हँडब्रेक असा खेचला, की माझी हनुवटी स्टिअरिंगवर आपटली.

सायकलवाला होता. पाठीवर मोठी काच बांधलेली, खिडक्यांना बसवतात तशी. गाडीपासून वीतभर अंतरावर एक पाय टेकून उभा होता. त्या काचेत मला माझी गाडी दिसली आणि गाडीत मी. तो शिव्या देईल असं वाटलं. त्याने दिल्या नाहीत. मग म्हणाला, "मावशी, मी तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत पण."

मी त्याच्याकडे बघितलं होतं म्हणे.

सूनबाई उतरली, त्याच्याशी बोलली, त्याच्या काचेची दोरी नीट करून दिली. मग माझ्या दाराशी आली. दार उघडून उभी राहिली. मी सरकले. घरी तिने आणली.

ताईला कळवायचं राहून गेलं.

२० मार्च, शुक्रवार

काही नाही.

२४ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. चिरंजीवांनी रजा काढली होती. मी नको म्हटलं नाही.

एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मी इतकी वर्षं यंत्रांवर बोटं चालवलेली. एकही दिवा सोडला नाही. उठताना डॉक्टरला म्हटलं, "पैकीच्या पैकी की नाही?"

तिने कागद समोर ठेवला. उजवी बाजू पांढरी, डावी काळी. दोन्ही डोळ्यांची. मधोमध रेघ ओढल्यासारखी.

"तुमच्या यंत्राची डावी बाजू बिघडली आहे," मी सांगितलं.

ती भली बाई होती. वाद घातला नाही. परत सगळी तपासणी केली. परत तोच कागद.

मग म्हणाली, डोळे ठणठणीत आहेत. बिघाड मागे आहे, मेंदूत. कधीतरी एक छोटासा झटका येऊन गेला असणार, कदाचित झोपेत, कळलाही नसेल. तेव्हापासून डावीकडचं मेंदूपर्यंत पोचत नाही. "आणि तिथे काही पोचत नाही, हेही तो तुम्हाला सांगत नाही. काळोख दिसत नाही, धूसर दिसत नाही. तुम्हाला सगळं पूर्णच दिसतं. फक्त अर्धं असतं."

असा साक्षीदार मी कोर्टातही पाहिला नव्हता. अर्धंच सांगतो, आणि ते इतक्या खात्रीने, की न्यायाधीशालाही शंका येऊ नये.

स्कॅन होईल, गोळ्या चालू होतील, दुसरा झटका येऊ नये म्हणून. गाडीचं मी विचारलंच नाही. तिनेही न विचारता नकाराची मान हलवली.

परतताना टॅक्सीत चिरंजीव माझ्या डाव्या बाजूला बसला होता. म्हणजे असावा. हात धरला होता कुणीतरी.

३० मार्च, सोमवार

संध्याकाळी चिरंजीव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. लहानपणी फुलदाणी फोडल्यावर असाच उभा राहायचा.

"आई, ती चावी..."

"कुठली चावी?"

"लॉक नटाची. मी तुला..."

"नट तर निघाले," मी म्हटलं. "आता चावीचं काय लोणचं घालायचंय?"

"तसं नाही, माझं ऐकून घे ना. मला भीती वाटत होती, आणि तू काही ऐकत नव्हतीस, म्हणून मी—"

"प्रकरण निकाली निघालंय. निकाली निघालेल्या प्रकरणात नवीन साक्ष घेत नाहीत."

तो तसाच उभा. मग पलंगावर माझ्याजवळ बसला. उजव्या बाजूला बसला, हे मी लक्षात ठेवलं.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "बढतीचं काय झालं रे?"

"कसली बढती?"

अजून लाजतो. असो. सत्तावीस वर्षांचा अनुभव कधीकधी चुकतो, असं मान्य करायला मी तयार आहे. पण लेखी नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

ताईकडे गेलो. सूनबाईने दर गुरुवारी अर्धा दिवस मोकळा करून घेतला आहे. लॅबमध्ये काय सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं, सासूबाईंची डिलिव्हरी आहे." अशी बोलते हल्ली. वाईट संगत लागली आहे, दुसरं काय.

चालवते बरी. गिअर टाकताना खाडकन टाकते, व्हॅनची सवय. वळणावर फार आधीपासून वेग कमी करते. चौकात तर असं थांबते, जणू समोरून मंत्र्याचा ताफा यायचाय. मी सूचना देत असते. ती "हो आई" म्हणते आणि स्वतःला हवं तेच करते. हे 'हो आई' मी पूर्वी आज्ञाधारकपणा समजत होते.

वसतिगृहाच्या फाटकाशी ताई काठी टेकून उभीच होती. मी उतरले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"तू कुठल्या बाजूने उतरलीस?"

"सूनबाई चालवतेय आता."

"नेहमी?"

"नेहमी."

ताईने मान मागे वळवून आत हाक मारली, "रेक्टर! माझी शाल द्या हो कुणीतरी! मी बाहेर जातेय."

"कुठे?" मी विचारलं.

"कुठेही. फिरवून आणा मला."

इथे राहायला आल्यापासून एकदाही तिने असं म्हटलं नव्हतं. मी कितीदा विचारायचे, चल, चक्कर मारू या. कधी डोकं दुखायचं, कधी पोट. मला वाटायचं, वय झालं बिचारीचं. आज मात्र दोन मिनिटांत मागच्या सीटवर जाऊन बसली, मांडी घालून, एखाद्या राणीसारखी.

तळ्याच्या कडेच्या रस्त्याने गेलो. दोन्हीकडे उंच झाडं, ऊन पानांतून गळत होतं. ताई काचेला नाक लावून बसली होती.

"किती छान रस्ता आहे गं हा!"

"अगं, तुला किती वेळा याच रस्त्याने आणलंय मी. तू घरी होतीस तेव्हा."

"हो, पण तेव्हा मी डोळे मिटून बसायचे," ताई म्हणाली. "तुझ्या गाडीत बसले की पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासून. म्हणजे झटका बिटका काही नव्हता तेव्हा. दोन्ही बाजू धडधाकट होत्या माझ्या.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. मागे ताई बोलत सुटली होती, कशी मी एकदा दूधवाल्याच्या कॅनला उडवलं, कशी एकदा रस्ता सोडून मैदानातून नेली, आणि वर म्हणाले, जवळचा पडतो. सूनबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या नाकावर आठी पडली आणि गाडी एवढीशी उजवीकडे सरकली.

"उजवीकडे जातेय," मी म्हटलं. "तिकडचं मला सगळं दिसतं."

"हो आई," ती म्हणाली, आणि या वेळी खरंच सरळ घेतली.